नी-कॅप घेण्याआधी टेप घ्या: गुडघ्याच्या पट्ट्याची निवड, माप आणि वापर

"एक नी-कॅप द्या, मोठ्या साइजची." मेडिकलच्या काउंटरवर एवढंच सांगून आणलेला पट्टा बहुतेक घरांत महिन्याभरात खुंटीला लागतो. चालताना तो पोटरीवर घसरतो, बसलं की गुडघ्यामागच्या लवणीत रुततो, आणि एप्रिल-मेत त्याच्याखाली घामोळं उठतं. मग "आमच्या आईला पट्टा मानवला नाही" असं घरात ठरून जातं. खरं तर तो पट्टा मापाचा नसतो, किंवा त्या दुखण्याचाच नसतो. हे दोन्ही घोळ शिंप्याची टेप आणि दहा मिनिटं दिली तर टळतात.

पट्ट्याकडून काय मिळतं ते आधी समजून घेऊ. ताण देणारा कापडी पट्टा त्वचेवर सारखा दाब ठेवतो. त्या दाबामुळे गुडघा कुठं आहे, किती वाकलाय याची जाणीव जास्त नीट होते, सांधा उबदार राहतो, किरकोळ सूज आवरते. त्यामुळे पाऊल टाकताना भरवसा वाटतो, आणि दुखऱ्या गुडघ्याला तो भरवसाच मोठा असतो. झिजलेला कुर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) मात्र कुठल्याही पट्ट्यानं भरून येत नाही. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार येतो, पायऱ्यांवर त्याहून जास्त. मऊ कापड तो भार पेलत नाही. भार एका बाजूवरून दुसरीकडे सरकवणारे पट्टे वेगळे असतात, त्यांना कडक दांड्या असतात आणि ते मोजून बसवावे लागतात.

तज्ज्ञांच्या संघटनांचंही यावर एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं 2019 मध्ये, झिजेमुळे चालणं अवघड झालेल्यांना गुडघ्याचा ब्रेस, म्हणजे आधाराचा पट्टा, वापरण्याची ठाम शिफारस केली. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं 2022 मध्ये सांगितलं की सरसकट ब्रेस देऊ नये. सांधा डगमगत असेल किंवा भार वेडावाकडा पडत असेल, आणि नुसत्या व्यायामानं भागणार नसेल, तरच द्यावा. व्यायाम आणि वजन कमी करणं याबाबत मात्र दोघांचं म्हणणं एकच. आमचा सल्ला या दोहोंच्या मधला आहे: पट्टा कामापुरता बांधा, आणि मांडीचे स्नायू रोज कमवा.

आधी गुडघा दाखवायचा की पट्टा घ्यायचा

खाली सांगितलेल्यांपैकी काही असेल तर दुकानात जाऊ नका, दवाखान्यात जा.

गुडघा लाल, गरम, टरारून सुजलेला आहे आणि अंगात ताप आहे. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यात उशीर चालत नाही. त्याच दिवशी दाखवायचं.

पडल्यावर किंवा मोटारसायकल घसरल्यावर त्या पायावर चार पावलंही टाकता येत नाहीत. एक्स-रे काढल्याशिवाय काही बांधू नका.

गुडघा मध्येच अडकतो, सरळ करायला गेलं तर होत नाही. आतली गादी फाटून सांध्यात अडकलेली असू शकते.

चालता चालता गुडघा अचानक सुटतो, पाय 'निघून' जातो. लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा दोर) सैल किंवा तुटलेलं असू शकतं. याला हिंजचा, म्हणजे बाजूंना बिजागऱ्या असलेला पट्टा लागतो, पण कुठलं लिगामेंट गेलंय ते हात लावून तपासल्याशिवाय कळत नाही.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखते, हाताला गरम लागते. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. असा पाय चोळायचा नाही, आवळायचाही नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

जिल्हा रुग्णालयात हाडांचे डॉक्टर असतात. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, तसंच लातूर आणि नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तिथं अस्थिरोग विभाग आहेत. केसपेपर काढून एकदा तपासून घेतलं की पुढची खरेदी नेमकी होते.

कुठल्या दुखण्याला कुठला पट्टा

वयामानानं गुडघा धरतो, सकाळी उठल्यावर थोडा वेळ आखडतो, दिवसभराच्या कामानं हलकी सूज येते, अशा गुडघ्याला साधी नी-कॅप पुरते. ही मोज्यासारखी पायातून वर ओढायची असते. कापसाचा धागा आणि इलॅस्टिकची विणलेली कॅप पातळ असते. निओप्रीन म्हणजे रबरी स्पंजासारखं जाड कापड. त्याची ऊब आणि पकड जास्त, पण हवा आत जात नाही. मराठवाड्यात फेब्रुवारीपासून जूनपर्यंत विणलेलीच घ्या. निओप्रीन दिवाळीनंतरच्या थंडीत ठीक.

दुखणं गुडघ्याच्या वाटीच्या समोर किंवा वाटीखाली आहे, पायऱ्या उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना जास्त होतं, तर वाटीच्या जागी गोल भोक आणि भोकाभोवती सिलिकॉनची किंवा फोमची रिंग असलेला पट्टा बघा. रिंग वाटीला जागेवर धरते आणि भोकामुळे वाटीवर थेट दाब येत नाही. बंद कॅप अशा गुडघ्यावर वाटी मांडीच्या हाडावर दाबते आणि कधीकधी दुखणं वाढवते. "पट्टा बांधला की जास्त दुखतं" असं कुणी म्हणालं तर आधी हे तपासा.

वाटीच्या खाली, नडगीच्या उंचवट्याच्या वर जी जाड दोरी हाताला लागते तिथंच बोट ठेवून दुखत असेल (कबड्डी, व्हॉलीबॉल किंवा पोलीस भरतीच्या धावण्याची तयारी करणाऱ्या पोरांना हे होतं), तर दोन बोटं रुंदीचा पटेला स्ट्रॅप मिळतो. तो वाटीचं खालचं टोक आणि नडगीचा उंचवटा यांच्या बरोबर मध्ये बांधायचा. वाटीवर बांधला तर काही उपयोग नाही.

हात आखडलेल्या, बोटांत जोर नसलेल्या माणसाला ओढून चढवायची कॅप जमत नाही. त्यांच्यासाठी पुढून उघडणारा, व्हेलक्रोनं गुंडाळायचा पट्टा घ्या. ज्यांची सूज सकाळ-संध्याकाळ कमीजास्त होते त्यांनाही हाच बरा, कारण तो सैल-घट्ट करता येतो. म्हाताऱ्या माणसांसाठी खरेदी करताना आमचा कल नेहमी याच्याकडे असतो.

दोन्ही बाजूंना धातूच्या बिजागऱ्या असलेला तो हिंजचा पट्टा. गुडघा आडवा डगमगू न देणं हे त्याचं काम. स्वस्त हिंजच्या पट्ट्यात बिजागरीऐवजी स्प्रिंगच्या बारीक पट्ट्या असतात आणि वेष्टनावर हिंजच लिहिलेलं असतं. दुकानातच हातानं वाकवून बघा: खरी बिजागरी एकाच ठिकाणी वाकते, स्प्रिंग सगळीकडून वाकते.

उभं राहिल्यावर दोन्ही घोटे जुळतात पण गुडघ्यांमध्ये मूठभर अंतर राहतं, म्हणजे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेत, आणि दुखणं गुडघ्याच्या आतल्या बाजूला आहे: या ठेवणीसाठी अनलोडर ब्रेस असतो. तो मांडी, गुडघा आणि पोटरी अशा तीन ठिकाणी दाब देऊन भार आतल्या बाजूवरून थोडा बाहेर ढकलतो. महाग असतो, जाडजूड असतो, ऑनलाइन मागवून अंदाजानं बसवण्यासारखा नाही. ऑर्थोटिस्टकडून (असे पट्टे मापानं बसवणारा तज्ज्ञ) किंवा फिजिओथेरपिस्टसमोर बसवून घ्या आणि तिथंच दहा-पंधरा मिनिटं चालून बघा.

मांडीपासून पोटरीपर्यंत पाय सरळ ठेवणारा लाँग नी ब्रेस अपघात किंवा ऑपरेशननंतरचा आहे. शेजाऱ्याच्या घरी पडून आहे म्हणून साध्या गुडघेदुखीला बांधू नका. सांधा आठवडाभर सरळ डांबून ठेवला की मांडीचे स्नायू लगेच उतरतात आणि गुडघा आखडतो.

चुंबकाचे पट्टे, आपोआप गरम होणारे पट्टे, "झीज भरून काढणारे" पट्टे आठवडी बाजारात आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत दिसतात. चुंबकानं गुडघेदुखी कमी होते याला भरवशाचा पुरावा नाही. गरम होणारे पट्टे मधुमेही माणसाच्या पायावर घालू नका. पायाला जाणीव कमी असली तर चामडी भाजेपर्यंत कळत नाही.

माप

घरात शिवणकामाची कापडी टेप असतेच. नसेल तर सुती दोरीनं मोजून दोरी स्टीलच्या पट्टीवर धरा.

1. माणसाला उभं करा, दोन्ही पायांवर सारखा भार, गुडघा किंचित ढिला. खाटेवर बसवून मोजू नका. वाकलेल्या गुडघ्याचं माप वेगळं येतं.

2. टेप थेट कातडीवर ठेवा. लुगडं, पायजमा, लेंगा, सगळं वर घ्या.

3. पहिलं माप वाटीच्या मध्यावरून गोल. टेप टेकली पाहिजे, रुतता कामा नये.

4. वाटीच्या मध्यापासून वर 15 सेंटिमीटरवर पेनानं खूण करा आणि तिथं मांडीचा घेर मोजा.

5. तसंच खाली 15 सेंटिमीटरवर पोटरीचा घेर.

6. ही तिन्ही मापं कागदावर लिहा. डावा आणि उजवा वेगळा मोजा; सुजलेल्या आणि बऱ्या गुडघ्यात एक-दोन सेंटिमीटरचा फरक सहज असतो.

7. सूज येणारा पाय असेल तर संध्याकाळी मोजा. सकाळच्या मापाचा पट्टा दुपारनंतर काचतो.

तीन मापं घ्यायचं कारण असं की कंपन्यांची पद्धत एक नाही. काही पट्टे वाटीवरच्या घेरावर साइज ठरवतात, काही वरच्या मांडीच्या घेरावर. एकाचा एल दुसऱ्याचा एम निघतो. खोक्याच्या मागं गुडघ्याचं छोटं चित्र आणि त्यावर बाण असतो. बाण कुठं आहे ते आधी बघा, मग आपलं त्याच जागेचं माप तक्त्याशी लावा. तक्ता इंचात असेल तर सेंटिमीटरला 2.54 नं भागा: 38 सेंटिमीटर म्हणजे 15 इंच.

माप दोन साइजच्या सीमेवर आलं तर काय करायचं? म्हातारं माणूस, साखर असलेलं माणूस, पायात शिरा फुगलेलं माणूस यांना मोठी साइज. तरुण, खेळताना तासभर घालणार, त्याला लहान चालेल. "इलॅस्टिक आहे, ताणलं जाईल" या दुकानदाराच्या बोलण्यावर लहान साइज आणू नका. ताणलं जातं, आणि तेच ताणलेलं इलॅस्टिक चार तासांनी लवणीत रुतून बसतं.

मांडी जाड आणि गुडघा बारीक अशी ठेवण असेल तर सरळ नळीसारखी कॅप खाली येणारच. वरच्या काठाला आतून सिलिकॉनची रेघ असलेली कॅप किंवा गुंडाळायचा पट्टा घ्या.

बांधायचा कसा

पाय धुऊन कोरडा करा. तेल, व्हॅसलीन, दुखण्याचा बाम काही लावलेलं नको. तेलानं पट्टा घसरतो. बाम किंवा वेदनाशामक जेल लावून वरून पट्टा आवळला की औषध कातडीवर कोंडतं, आग होते, फोड येतात. जेल लावायचंच असेल तर रात्री झोपताना लावा, तेव्हा पट्टा नसतो.

ओढायच्या कॅपचं रुंद तोंड वरच्या बाजूला, मांडीकडे. उलटी घातली की पाच मिनिटांत घसरते, आणि हा घोळ अगदी नेहमीचा आहे. खुर्चीवर बसा, पाय पुढं सैल सोडा, कॅप निम्मी दुमडून घोट्यावरून चढवा आणि गुडघ्याच्या वर नेऊन दुमड उघडा. भोक असेल तर वाटी भोकाच्या मधोमध आली पाहिजे. मग उभं राहून लवणीतल्या घड्या दोन्ही हातांनी मागून खाली-वर सरळ करा. हे शेवटचं काम कुणी करत नाही, आणि काचतं मात्र तिथंच.

गुंडाळायचा किंवा हिंजचा पट्टा असेल तर बिजागरी वाटीच्या मध्याच्या उंचीला, बरोबर बाजूला येऊ द्या. आधी गुडघ्याखालचा, पोटरीवरचा पट्टा लावा, नंतर वरचा. पोटरीचा फुगवटा हा पट्ट्याचा आधार आहे. खालचा पट्टा फुगवट्याच्या वरच्या अंगाला पक्का बसला की सगळा ब्रेस तिथं टेकतो. आधी वरचे आवळले तर दहा पावलांत ब्रेस खाली येतो आणि बिजागरी वाटीच्या खाली जाते. मग गुडघा एका ठिकाणी वाकतो आणि ब्रेस दुसऱ्या ठिकाणी.

आता तपासणी. कुठल्याही पट्ट्याखाली एक बोट सहज आणि दुसरं थोडं जोर लावून गेलं पाहिजे. पायाच्या अंगठ्याचं नख दाबा, पांढरं होईल. सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. पाऊल थंड, निळसर किंवा बधिर वाटलं तर लगेच सोडा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, बारीक हाडाचं गोल टोक हाताला लागतं. पाऊल वर उचलणारी नस त्याला लगटून जाते. त्यावर पट्टा करकचून बांधला तर पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात, आणि तसंच ठेवलं तर पाऊल उचलेना होतं. मुंग्या आल्या की पट्टा एक बोट वर किंवा खाली घ्या.

साखर असलेल्या माणसाला हे कळेलच असं नाही, म्हणून त्याच्या बाबतीत बोलण्यावर न जाता डोळ्यांनी बघा. घरातल्या कुणीतरी दर दोन तासांनी पट्टा काढून कातडी तपासायची. काढल्यावर दिसणाऱ्या लाल रेघा वीस-तीस मिनिटांत गेल्या तर ठीक. त्याहून टिकल्या, किंवा तिथं कातडी चमकदार, दुखरी झाली, तर तो पट्टा त्या पायाला घट्ट आहे.

पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, अशी सवय लावा. पुढं कामाच्या वेळी चार-सहा तास पुरे, मध्ये एकदा काढून हवा द्यायची. झोपताना काढायचाच, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर.

क्रेप बँडेज अजूनही पुष्कळ घरांत वापरतात. वाईट नाही, फक्त बांधण्याची रीत हवी: 15 सेंटिमीटर रुंदीचं घ्या, गुडघ्याच्या खालून सुरू करून वर जा, वाटीभोवती इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवा. वरून खाली बांधलं तर पोटरी आणि पाऊल सुजतं. दोन-तीन तासांत ते ढिलं पडतं, तेव्हा परत बांधावं लागतं.

कामाच्या ठिकाणी

*शेतात.* खुरपणीला आणि सोयाबीन काढणीला उकिडवं बसून सरकायचं असतं. गुडघा पूर्ण दुमडला की कॅपचं कापड लवणीत गोळा होतं आणि दोरीसारखं काचतं. अशा कामात कॅप काढून ठेवा आणि बूड टेकायला बुटका पाट किंवा पोत्याची गादी घ्या. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यावरचा ताण त्यानं जेवढा कमी होतो तेवढा पट्ट्यानं होत नाही. कापूस वेचणीला उभ्यानं, चालत काम असतं, तिथं पट्टा कामाला येतो. ऊसतोडीत खोडाशी वाकणं आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं, दोन्ही आलं. मोळीचं वजन पट्टा उचलत नाही. पाय डगमगत असेल तर फळीवर चढायचं काम दुसऱ्याकडे द्यावं आणि दुखऱ्या पायाच्या माणसानं तोडणी-बांधणी करावी. टोळीत हे बोलून ठरवता येतं.

*एसटीत.* पहिली पायरी उंच असते. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, दांडी धरून. माळवदाच्या जिन्यालाही हाच नियम. रात्रीच्या लांबच्या प्रवासात, नांदेड ते पुणे म्हणा, बसल्या जागी घट्ट कॅप ठेवू नका. काढून पिशवीत टाका, तासा-तासाला पावलं वर-खाली हलवा, चहाला गाडी थांबली की खाली उतरा. उतरायच्या आधी पुन्हा घाला.

*देवाला.* तुळजापूरला मंदिरात जाताना पायऱ्या उतराव्या लागतात आणि दर्शन झाल्यावर, पाय दमलेले असताना, चढाव्या लागतात. माहूरला उलट: आधी चढ, शेवटी उतार. वाटीचं दुखणं असणाऱ्याला उतार जास्त बाधतो, म्हणून पट्टा त्या बाजूसाठी राखून ठेवा. रांगेत तीन तास आधीच आवळून उभं राहू नका. पैठणहून पंढरपूरला दिंडीत पायी जाणार असाल, किंवा अश्विनी पौर्णिमेला तुळजापूरला, तर नवा पट्टा वाटेवर पहिल्यांदा घालायचा नाही. तीन आठवडे आधीपासून तो घालून रोज थोडं थोडं चाला. सोबत दोन पट्टे ठेवा, एक अंगावर आणि एक वाळत.

*घरात.* जमिनीवर मांडी घालून बसायचं असेल तर पट्टा काढा. देवपूजेला, जेवायला खुर्ची किंवा उंच पाट घेतला तर पट्ट्याची गरजच कमी होते. भारतीय संडासावर प्लॅस्टिकची खुर्चीसारखी कमोड-बैठक ठेवता येते. सर्जिकलच्या दुकानात मिळते, आणि पुष्कळ घरांत नी-कॅपपेक्षा तिनंच जास्त आराम पडतो.

ऊन, घाम आणि व्हेलक्रो

परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं असतो. त्यात दिवसभर घातलेल्या पट्ट्याखाली घामोळं, खाज, मग गजकर्ण. उन्हाळ्यात दोन विणलेल्या कॅप आलटून पालटून वापरा. आत पातळ सुती कापडाची एक घडी चालते, पण ती सुरकुतता कामा नये. गजकर्ण झालं असेल तर बरं होईपर्यंत पट्टा बंद, आणि जुना पट्टा धुतल्याशिवाय परत घालायचा नाही, कारण बुरशी कापडात राहते.

पाण्याची ओढ असली तरी पट्टा दोन दिवसांआड धुवा. अर्धी बादली पुरते. बिजागऱ्या किंवा दांड्या खिशातून बाहेर काढा, सगळे व्हेलक्रो बंद करा, अंगाच्या साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून हातानं चोळा. साबण पूर्ण निघाला पाहिजे, उरलेला घामात उतरून खाज आणतो. बोअरचं पाणी जड असेल तर साबण कमी आणि खळबळणं जास्त. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत, ओसरीत आडवा वाळत टाका. पत्र्यावर उन्हात टाकलेलं रबर आणि इलॅस्टिक लवकर मरतं. ब्रश, ब्लीच, इस्त्री नको.

पऱ्हाटीतून दिवसभर फिरलेल्या पट्ट्याचा व्हेलक्रो संध्याकाळी निरखून बघा. आकड्यांच्या खरखरीत बाजूवर कापसाचे तंतू, लुगड्याचे धागे, गवताची कुसळं यांचा करडा थर बसलेला असतो. आकडे त्यात बुडाले की चिकटायला जागा राहत नाही, पट्टा चालता चालता 'चर्र' करून सुटतो आणि आपण म्हणतो माल खराब निघाला. जाड सुईनं किंवा जुन्या टूथब्रशनं आकड्यांच्या ओळीनं तो थर उचलून काढा, पकड परत येते. खरखरीत बाजू उघडी राहिली तर साडीचे दोरेही ओढून काढते, म्हणून पट्ट्याचं टोक नेहमी पूर्ण मऊ भागावरच बसवा. लांब पट्टा उरत असेल तर कापून टाका आणि कडेला हातशिलाई घाला.

घसरतो, गोळा होतो, काचतो

घसरत असेल तर या क्रमानं बघा: उलटा घातलाय का, कातडी तेलकट आहे का, साइज मोठी आहे का, इलॅस्टिक मेलंय का. इलॅस्टिक तपासायला पट्टा रिकामा, सपाट ठेवून ताणा आणि सोडा. परत पूर्ववत जात नसेल, काठाला लाटा उठल्या असतील, तर त्याचं आयुष्य संपलं. घसरतो म्हणून वरून दोरी किंवा रबर बांधू नका, रक्ताला अडथळा तिथंच होतो.

वरचा काठ गोल गुंडाळला जात असेल तर मांडीला तो लहान आहे. पोटरी सुजत असेल तर खालचा काठ घट्ट आहे. दुखणं दोन-तीन आठवड्यांत तसूभरही हललं नसेल, तर पट्ट्याचा प्रकार चुकलाय किंवा दुखणं वेगळं आहे. साइज बदलत बसण्यापेक्षा दाखवून या. कमरेतून किंवा खुब्यातून उतरणारं दुखणंही गुडघ्यात जाणवतं.

पट्टा उतरवल्यावर

मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद वाढली की गुडघा पट्ट्याशिवायही सावरतो. रोज हे तीन व्यायाम करा. पंचा गुंडाळून गुडघ्याखाली ठेवा, पाय सरळ, गुडघ्यानं पंचा खाली दाबून पाच सेकंद धरा, दहा वेळा. मग उताणं झोपून एक गुडघा दुमडा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचला, पाच सेकंद धरून हळू खाली, दहा वेळा. तिसरा, खुर्चीवरून हात न टेकता उठणं आणि सावकाश बसणं, पाच वेळांपासून सुरुवात. जमिनीवर चटई टाकून किंवा दिवाणावर करा. बाजेची नवार झोळ देते, तिच्यावर पंचा दाबला जात नाही. व्यायामाच्या वेळी पट्टा काढलेला असावा. नंतर थोडं ठणकलं आणि तासाभरात शमलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही सूज राहिली तर संख्या निम्मी करा.

वजनाबद्दल एकच आकडा लक्षात ठेवा: अंगाचं एक किलो कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं उतरतो.

काठी घ्यायला माणसं लाजतात. घ्या. ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढं टाकायची. चप्पल घालून ताठ उभं राहून हात सैल सोडला की मनगटाच्या घडीपर्यंत तिची उंची यावी. खाली रबरी बूट हवा, झिजला की बदलायचा.

खर्च आणि योजना

साधी कॅप काही शे रुपयांत येते, हिंजचा पट्टा त्याच्या दोन-तीन पट, अनलोडर हजारांत जातो. दुकानात घालून, वीस पावलं चालून, एकदा खुर्चीवर बसून-उठून मगच पैसे द्या. ऑनलाइन घेतलात तर परत करण्याची सोय आधी वाचा. वापरलेला पट्टा बहुतेक जण परत घेत नाहीत.

मुख्यमंत्री वयोश्री योजना 2024 मध्ये सुरू झाली. वय 65 पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाख रुपयांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साधनं घेण्यासाठी एकदाच 3,000 रुपये बँक खात्यात मिळतात, आणि साधनांच्या यादीत नी-ब्रेस आहे. चौकशी जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्त कार्यालयात करा. आधार, बँक पासबुक, फोटो आणि उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र तयार ठेवा. पट्टा घेताना पक्कं बिल मागा, त्यावर 'नी-ब्रेस' असं साधनाचं नाव आणि तारीख लिहून घ्या, आणि बिलाची एक झेरॉक्स पासबुकात ठेवून द्या.